फुलदाणी आधी उलटी करून बघा : जुन्या जपानी फुलदाण्या कशा ओळखायच्या?



आजचा विषय वाचून तुम्हाला वाटेल, बाईंनी गणित-मराठी सोडून हे काय काढलं? जपानी फुलदाण्या आणि आपली चौथीची पोरं यांचा काय संबंध? संबंध आहे. तो सांगण्यासाठी आधी माझी एक चूक सांगते.

आमच्या घरी शोकेसमध्ये एक फुलदाणी होती. साधारण वीतभर उंच, सायीच्या रंगाची, अंगावर बारीक जाळीसारख्या रेघा, दाढीवाल्या साधूंची चित्रं आणि भरपूर सोनेरी काम. माझी आजी मुंबईत एका पारशी कुटुंबाकडे कामाला होती. ते लोक घर सोडून परदेशी गेले, तेव्हा त्यांनी ती आजीला दिली. "दोनशे वर्षांची आहे, जपानच्या राजाच्या घरची," असं आजी सांगायची. आम्ही तेच ऐकत मोठे झालो.

दोन वर्षांपूर्वी बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. पैशांची जुळवाजुळव चालली होती. आई म्हणाली, "ती फुलदाणी विकू या, आजीनं ती वेळेलाच ठेवली असेल." दुसऱ्या दिवशी जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याकडे जायचं होतं. वस्तू चकचकीत दिसावी म्हणून मी रात्री ती भांड्याची पावडर आणि हिरवी घासणी घेऊन खसाखसा घासली. घासणीवर पिवळट काहीतरी येत होतं. मला वाटलं, वर्षानुवर्षांचा मळ निघतोय.

व्यापाऱ्याने फुलदाणी हातात घेतली आणि चित्राकडे न बघता आधी ती उलटी केली. तळाशी लाल अक्षरांत इंग्रजीत छापलं होतं, 'मेड इन जपान'. मग बाजू बघितली आणि शांतपणे म्हणाला, "ताई, ही दोनशे वर्षांची नाही. बहुतेक १९२१ नंतरची आहे. आणि हे सोनं कुणी घासलं?"

त्याने जो आकडा सांगितला त्यात ऑपरेशनच्या आधीच्या तपासण्याही झाल्या नसत्या. ऑपरेशन शेवटी सोसायटीच्या कर्जावर झालं. फुलदाणी परत घरी आली. आई काही बोलली नाही, पण आजीच्या फोटोशेजारची तिची जागा रिकामीच राहिली. ती मी कपाटात ठेवली.

त्यानंतर मी या विषयाचं जमेल तितकं वाचलं आणि पाहिलं. आज जे सांगणार आहे ते मला त्या रात्री माहीत असतं, तर ते सोनं वाचलं असतं.

थोडा इतिहास : या फुलदाण्या आल्या कुठून?

जपानमध्ये मातीची भांडी हजारो वर्षांपासून होती. पण पोर्सलेन, म्हणजे आपण जिला पांढरी चिनीमाती म्हणतो ती, तिथे सतराव्या शतकाच्या सुरुवातीला बनू लागली. १५९२ ते १५९८ या काळात जपानी सत्ताधीश हिदेयोशी याने कोरियावर स्वाऱ्या केल्या. परतताना जपानी सरदारांनी तिथले कसबी कुंभार आपल्या मुलखात नेले. क्यूशू बेटावरच्या अरिता गावाजवळ पोर्सलेनला लागणारा दगड सापडला. परंपरेनुसार याचं श्रेय यी साम-प्योंग या कोरियन कुंभाराला देतात.

तेव्हा जगाला पोर्सलेन पुरवायचा तो चीन. १६४४ मध्ये चीनमधली मिंग राजवट कोसळली, तिथे धामधूम माजली आणि माल येईनासा झाला. डच व्यापाऱ्यांना दुसरा पुरवठादार हवा होता. जपानने त्यांना नागासाकीच्या डेजिमा नावाच्या छोट्याशा बेटावर राहून व्यापाराची परवानगी दिलेली होती. त्यांनी १६५० च्या दशकात अरिताच्या मालाची मागणी सुरू केली. याच डचांच्या वखारी आपल्याकडे सुरतेला आणि वेंगुर्ल्यालाही होत्या, हे इतिहास शिकवताना मुलांना जरूर सांगा. नकाशावर नागासाकी, सुरत, वेंगुर्ला आणि ॲमस्टरडॅम जोडून दाखवलं की समुद्री व्यापार पटकन समजतो.

दुसरी मोठी लाट आली मेइजी काळात, म्हणजे १८६८ ते १९१२. १८६७ चं पॅरिसचं आणि १८७३ चं व्हिएन्नाचं जागतिक प्रदर्शन यांमुळे युरोप-अमेरिकेला जपानी वस्तूंचं वेड लागलं. मागणी वाढली तसे कारखाने वाढले. आज बाजारात 'जुनी जपानी' म्हणून जी फुलदाणी दिसते ती खरी असली तरी बहुतेक वेळा या काळातली किंवा त्यानंतरची असते. सतराव्या शतकातली वस्तू सहजासहजी हाती लागत नाही.

मुख्य प्रकार

सगळे प्रकार एकदम शिकायला जाऊ नका. हे पाच पुरेत.

१. इमारी : अरिता भागात बनलेला माल इमारी बंदरातून बाहेर जायचा, म्हणून हे नाव. पांढऱ्या पोर्सलेनवर गडद निळा, विटकरी लाल आणि सोनेरी, हे तीन रंग दिसले की इमारी आठवा. निळा रंग झिलईच्या खाली असतो. लाल आणि सोनेरी झिलईच्या वर असतात, म्हणून बोट फिरवलं तर किंचित हाताला लागतात.

२. काकिएमॉन : हीसुद्धा अरिताचीच शैली. दुधाळ पांढरा रंग, नाजूक चित्र आणि बरीचशी जागा मोकळी सोडलेली. जर्मनीतल्या माइसेनच्या कारखान्याने या शैलीच्या नकला केल्या, इतकी ती युरोपला आवडली.

३. कुतानी : आजच्या इशिकावा प्रांतातली. हिरवा, पिवळा, जांभळा, निळा आणि लाल असे ठसठशीत रंग. एकोणिसाव्या शतकातल्या बऱ्याच कुतानी वस्तूंवर लाल आणि सोनेरी काम भरगच्च असतं.

४. सत्सुमा : आमची फुलदाणी या जातीची. हे पोर्सलेन नाही. सायीच्या रंगाच्या मातीचं भांडं आणि त्याच्या झिलईत केसासारख्या बारीक रेघांचं जाळं. मूळ गाव दक्षिणेचा सत्सुमा मुलूख, म्हणजे आजचं कागोशिमा. पण नाव गाजल्यावर क्योटो, ओसाका, योकोहामा अशा ठिकाणीही 'सत्सुमा' बनू लागली. आपल्याकडे पैठणी पैठणच्या बाहेरही विणली जाते, तसंच हे.

५. शिप्पो : ही मातीची नसून धातूची, बहुधा तांब्याची. त्यावर बारीक तारेने नक्षीचे कप्पे करून त्यांत रंगीत काच भरतात आणि भाजतात. आपल्या मीनाकारीची बहीणच म्हणा. यात नामिकावा आडनावाचे दोन कारागीर फार नावाजले, क्योटोचे यासुयुकी आणि टोकियोचे सोसुके. आडनाव एक, पण दोघांचं नातं नव्हतं. १८९६ मध्ये दोघांनाही राजदरबाराचे कलावंत म्हणून मान मिळाला.

ओळखायचं कसं? या क्रमाने बघा

क्रम महत्त्वाचा आहे. आपण सगळे आधी शिक्का शोधतो. तसं करू नका. आधी वस्तू बघा, शिक्का शेवटी.

पायरी १ : साहित्य. फुलदाणी मऊ कापडावर ठेवा आणि नखाने हलकेच टिचकी मारा. पोर्सलेन खणखणीत वाजतं, सत्सुमा बोदं वाजते, धातू वेगळाच वाजतो. चांगलं वाजणारं भांडंच अचानक भद्द वाजलं तर कुठेतरी तडा आहे. मोबाइलचा टॉर्च आत धरा. पातळ पोर्सलेनमधून उजेड झिरपतो, सत्सुमामधून झिरपत नाही.

पायरी २ : तळ. तळाच्या गोल कडीला झिलई नसते, तिथे भांड्याची खरी माती दिसते. रोज टेकून टेकून ही कडी झिजते. खरी झीज वेडीवाकडी असते, कुठे जास्त तर कुठे कमी, आणि ओरखडे चारी दिशांना जातात. सगळीकडे सारखी झीज आणि एकाच दिशेचे ओरखडे दिसले तर कुणीतरी पॉलिश पेपर फिरवलेला असू शकतो. जुन्या अरिता भांड्यांच्या तळाला कधी कधी बारीक टोचल्यासारखे ठिपके दिसतात. भट्टीत तळ खचू नये म्हणून खाली मातीचे छोटे टेकू लावत, त्यांच्या त्या खुणा.

पायरी ३ : चित्र. साधं बिलोरी भिंग चालेल. हाताने काढलेली रेघ कुठे जाड, कुठे बारीक असते, रंग कुठे साचतो. भिंगाखाली वर्तमानपत्रातल्या फोटोसारखे समान ठिपके दिसले तर ते छापील स्टिकर आहे आणि वस्तू अलीकडची. चित्रातले चेहरे बघा. चांगल्या कारागिराने दहा साधू काढले तर दहा चेहरे वेगळे असतात. घाईच्या बाजारू मालात सगळे भाऊ-भाऊ दिसतात!

पायरी ४ : दुखापत. कडेचे टवके, केसासारखी चीर, चिकटवलेली मान, रंगवलेला तुकडा हे सगळं उन्हात बघा. अतिनील टॉर्च मिळाला तर अंधारात फिरवा. नंतर केलेली रंगाची डागडुजी अनेकदा वेगळी चमकते. तळाला गोल भोक असेल तर बहुधा कुणीतरी तिचा टेबललॅम्प करून ठेवला होता.

पायरी ५ : शिक्का. आता वाचा, आणि खाली दिलेलं लक्षात ठेवून वाचा.

शिक्का काय सांगतो, काय सांगत नाही

इथे इतिहास फार मजेदार मदत करतो. अमेरिकेने १८९० मध्ये एक जकात कायदा केला. १८९१ पासून तिथे येणाऱ्या मालावर देशाचं नाव इंग्रजी अक्षरांत लिहिणं भाग पडलं. जपानी कारखानदारांनी 'निप्पॉन' लिहायला सुरुवात केली, कारण ते आपल्या देशाला तेच म्हणतात. १९२१ मध्ये अमेरिकेने सांगितलं, हा शब्द इंग्रजी नाही, 'जपान' लिहा. म्हणून :

- 'निप्पॉन' असेल तर साधारण १८९१ ते १९२१.
- 'जपान' किंवा 'मेड इन जपान' असेल तर बहुतेक वेळा १९२१ नंतर.
- 'ऑक्युपाइड जपान', म्हणजे ताब्यातला जपान, असेल तर दुसऱ्या महायुद्धानंतर, १९५२ पर्यंतचा काळ.

एका शब्दावरून काळ सांगता येतो हे मला कळलं तेव्हा खरंच आनंद झाला. पण लगेच तीन 'पण' लक्षात घ्या.

पहिला पण : शिक्का नाही म्हणजे वस्तू १८९१ पूर्वीची, असं नाही. नियम अमेरिकेचा होता. दुसऱ्या देशांत किंवा जपानमध्येच विकलेल्या मालाला तो लागू नव्हता. कागदी लेबलं तर गळूनही जातात.

दुसरा पण : शिक्का कुणाचाही मारता येतो. वर्तुळात अधिकचं चिन्ह ही सत्सुमाच्या शिमाझु सरदार घराण्याची खूण. पण त्या घराण्याशी काडीचाही संबंध नसलेल्या हजारो फुलदाण्यांवर ती आहे. आमच्याही फुलदाणीवर आहे! आजीच्या 'राजाच्या घरची'चं मूळ कदाचित तिथेच असेल. 'रॉयल सत्सुमा' अशी सोनेरी इंग्रजी अक्षरं दिसली तर ती बहुधा अलीकडे चीनमध्ये बनलेली वस्तू असते. निप्पॉनचे खोटे शिक्केही निघालेले आहेत.

तिसरा पण : प्रत्येक खोटा शिक्का फसवणुकीसाठीच असतो असंही नाही. अरिताच्या जुन्या भांड्यांवर चीनच्या चेंगहुआ बादशहाचा शिक्का सापडतो. त्याचा काळ १४६५ ते १४८७. तेव्हा अरिताला पोर्सलेन बनतच नव्हतं. मग हे कसं? जुन्या चिनी कामाचा मान म्हणून आणि शोभेसाठी जपानी कारागीर तो शिक्का काढत. हा प्रश्न मुलांना कोडं म्हणून घाला, फार छान विचार करतात.

संग्रह करायचा असेल तर

पालकांपैकी कुणाला हा छंद लागला तर माझे चार शब्द :

- पहिले सहा महिने काहीही विकत घेऊ नका, फक्त बघा. मुंबईला गेलात तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जा. सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहांतून आलेल्या चिनी आणि जपानी वस्तू तिथे आहेत. अस्सल काम डोळ्यांत बसलं की नकली आपोआप खटकतं.
- एकच प्रकार निवडा. सगळं थोडं थोडं घेणारा जास्त फसतो.
- मोठ्या फुटक्या वस्तूपेक्षा लहान धडधाकट वस्तू बरी.
- निर्यातीच्या फुलदाण्या अनेकदा जोडीने बनत, आरशात दिसावं तसं एकीचं चित्र दुसरीच्या उलट. जोडी शाबूत असेल तर मोल वाढतं. एकटी असेल तर 'दुसरी कुठे गेली?' हे विचारा.
- पावती घ्या. त्यावर काळ आणि प्रकार लिहून मागा. 'दोनशे वर्षांची' असं तोंडाने म्हणणारा कागदावर लिहायला कचरतो का, ते बघा.
- एक वही ठेवा : उंची, घेर, तळाचा फोटो, कुठे, कुणाकडून, किती रुपयांना. घरची वस्तू असेल तर ती कुणाची, कशी आली, तेही लिहा.
- शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू भारताबाहेर नेण्यावर १९७२ च्या कायद्याने बंधनं आहेत. परदेशातल्या नातेवाइकाला भेट पाठवण्याआधी चौकशी करा.

सांभाळायची कशी

हा भाग मी स्वतःसाठी लिहितेय. झिलईवरचं सोनं सर्वांत शेवटी, कमी आंचेवर भाजून बसवलेलं असतं. ते भांड्याच्या अंगात मुरलेलं नसतं, वर बसलेलं असतं. म्हणून पावडर, घासणी, लिंबू, चिंच, व्हिनेगर काही म्हणजे काही लावू नका. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटका, बास. सत्सुमामध्ये पाणी घालून फुलं ठेवू नका, रेघांमधून ते मुरतं आणि डाग पडतात. उचलताना मान धरू नका. एक हात तळाखाली, एक पोटाला. हातातल्या बांगड्या-अंगठ्या आधी काढा. फुटलीच तर घाईने गोंद लावू नका. तुकडे कापडात गुंडाळून ठेवा आणि जाणत्याला दाखवा.

वर्गात काय घेतलं?

ती घासलेली फुलदाणी मी चौथीच्या वर्गात नेली. कुणालाच काही सांगितलं नाही. फळ्यावर तीन रकाने काढले : 'काय दिसतं?', 'काय वाटतं?' आणि 'कशावरून?' मुलं गटागटाने येऊन बघून गेली. नियम एकच, तिसरा रकाना भरल्याशिवाय दुसरा भरायचा नाही.

उत्तरं ऐका. "एका बाजूचं सोनं गेलंय, कारण तिकडून कुणीतरी जोरात घासलंय. डाव्या-उजव्या रेघा आहेत." (मी गप्प.) "आजोबांचे चेहरे सारखे आहेत, म्हणजे घाईत काढलेत." "खाली इंग्रजी आहे, म्हणजे दुसऱ्या देशात विकायला केली." मग मी १८९१ आणि १९२१ ची गोष्ट सांगितली. मुलांनी वजाबाकी केली आणि वय काढलं, जास्तीत जास्त शंभरच्या आसपास. दोनशे नाही.

तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा, एरवी फारसा न बोलणारा, म्हणाला, "पण बाई, शिक्काच खोटा असला तर?"

वर्ग माझ्याकडे बघायला लागला. मी विचारलं, "मग काय करायचं?" तो म्हणाला, "मग बाकीचं पण जुळतंय का ते बघायचं."

अख्ख्या लेखाचं सार त्याने एका वाक्यात सांगितलं. कुणी सांगतं म्हणून नाही, छापलंय म्हणूनही नाही. चार पुरावे एकमेकांशी जुळतात का ते बघायचं. मोबाइलवर आलेला मेसेज असो, जाहिरात असो की आजीची गोष्ट.

तुमच्या वर्गात जपानी फुलदाणी नसेल, नसू दे. घरचा कप, जुना डबा, पितळी तांब्या, काहीही चालेल. गृहपाठ एवढाच द्या : घरातली एक जुनी वस्तू उलटी करून बघा, तीन रकाने भरा आणि घरातल्या मोठ्या माणसाला विचारून तिची गोष्ट लिहून आणा. मौल्यवान, फुटणारी वस्तू शाळेत आणायला मात्र सांगू नका, चित्र काढून आणू द्या.

त्या दिवशी घरी आल्यावर मी आईला वर्गात घडलेलं सगळं सांगितलं. फुलदाणी राजाच्या घरची नाही, हे तिला आधीच कळलं होतं. ती म्हणाली, "नसू दे. तुझ्या आजीला कुणीतरी प्रेमानं दिली होती, ते तर खरं आहे ना?" त्याला पुरावा आहे. आजीने ती चाळिशीतल्या दुष्काळात, पुरात, तीन घरं बदलताना कुठेही विकली नाही.

फुलदाणी आता पुन्हा फोटोशेजारी आहे. घासलेली बाजू भिंतीकडे केली होती. आईने ती वळवून पुढे केली.

तुमच्याही घरी अशी एखादी वस्तू असेल. दिवाळीची साफसफाई काढाल तेव्हा घासणी हातात घेण्याआधी ती एकदा उलटी करून बघा.